कांजिण्या झालेल्या लहान मुलाची घरी काळजी कशी घ्यावी?

संध्याकाळी अंघोळ घालताना बाळाच्या पोटावर दोन-चार लाल पुटकुळ्या दिसतात. डास चावले असतील असे म्हणून आपण सोडून देतो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातल्या एक-दोन पुटकुळ्यांत पाणी भरलेले असते, पाठीवर आणखी दहा-बारा उठलेल्या असतात आणि अंगही गरम लागते. बहुतेक घरांत कांजिण्यांची ओळख अशीच होते.

एरवी निरोगी असलेल्या लहान मुलाच्या कांजिण्या साधारण आठवड्याभरात आपोआप ओसरतात. त्यामुळे आजार ‘बरा करणे’ हे घरच्यांचे काम नसते. त्यांची कामे तीन: मुलाला आराम मिळेल असे पाहणे, फोडांत जंतू शिरू न देणे आणि धोक्याची लक्षणे वेळेत ओळखणे. घरात गरोदर बाई किंवा तान्हे बाळ असेल, तर त्यांना जपणे हे चौथे काम. या लेखात ही चारही कामे क्रमाने पाहू.

## कांजिण्या कशामुळे होतात?

कांजिण्या ‘व्हॅरिसेला झोस्टर’ नावाच्या विषाणूमुळे होतात. आजारी मुलाच्या खोकल्या-शिंकांतून, श्वासातून आणि फोडांतल्या पाण्यातून तो पसरतो. तो फार वेगाने पसरतो. एका घरात राहणाऱ्या आणि पूर्वी कांजिण्या किंवा लस न झालेल्या दहा जणांपैकी नऊ जणांना त्याची लागण होऊ शकते. आपल्याकडे हिवाळा संपताना आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला याचे रुग्ण जास्त दिसतात.

विषाणू शरीरात शिरल्यापासून पुरळ उठेपर्यंत १० ते २१ दिवस जातात. पुरळ दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच मूल इतरांना लागण करू शकते आणि सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत ती शक्यता राहते. म्हणूनच ‘कुणाकडून लागले’ हे शोधण्यात फारसा अर्थ नसतो. ज्याच्याकडून लागले, त्याच्या घरीही तेव्हा काही कळलेले नसते.

## कांजिण्याच आहेत हे कसे ओळखावे?

कांजिण्यांचे पुरळ आधी पोट, छाती, पाठ आणि चेहऱ्यावर उठते, मग हातापायांवर पसरते. डोक्यात केसांखाली, तोंडाच्या आत आणि लंगोटाच्या जागीही फोड येतात. प्रत्येक फोड लाल ठिपका, उंचवटा, पाण्याने भरलेला फोड आणि खपली अशा पायऱ्यांनी जातो. फोड एकदम सगळे येत नाहीत, तीन-चार दिवस नव्या नव्या खेपा येत राहतात. त्यामुळे एकाच वेळी अंगावर ताजा ठिपका, भरलेला फोड आणि सुकलेली खपली असे सगळेच दिसते. कांजिण्यांची ही सर्वांत पक्की खूण आहे.

लस न घेतलेल्या मुलाला एकूण २५० ते ५०० फोड येऊ शकतात. आकडा घाबरवणारा वाटतो, पण फोड जास्त आले म्हणजे आजार धोक्याचा झाला, असा थेट अर्थ नाही.

गल्लत होऊ शकते असे इतर आजार:

- गोवर: बारीक लाल पुरळ असते, त्यात पाणी भरत नाही. सोबत जोराचा ताप, खोकला, वाहते नाक आणि लाल डोळे असतात.
- हात-पाय-तोंडाचा आजार: फोड मुख्यतः तळहात, तळपाय आणि तोंडात असतात. पोट-पाठ बहुधा मोकळी असते.
- खरूज: बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर पुरळ येते आणि रात्री खाज वाढते. ताप नसतो.

खात्री नसेल तर डॉक्टरांना दाखवावे. मात्र दवाखान्यात जाण्याआधी फोन करून ‘कांजिण्यांची शंका आहे’ असे सांगा. बाहेरच्या बाकावर शेजारी तान्हे बाळ किंवा गरोदर बाई बसलेली असू शकते. आधी कळवले तर डॉक्टर वेगळी वेळ किंवा वेगळी खोली देऊ शकतात.

## तापासाठी काय द्यावे?

लहान मुलाला तापासाठी आणि अंगदुखीसाठी पॅरासिटामॉल चालते. मात्रा वयावर नव्हे, वजनावर ठरते: एका वेळी दर किलो वजनामागे १० ते १५ मिलिग्रॅम. म्हणजे १० किलोच्या मुलाला १०० ते १५० मिलिग्रॅम. दोन मात्रांमध्ये किमान चार ते सहा तासांचे अंतर हवे आणि २४ तासांत चारपेक्षा जास्त मात्रा देऊ नयेत. तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप आला तर घरी औषध देत न बसता लगेच डॉक्टरांकडे न्यावे.

इथे एक चूक सहज होते. आपल्याकडे पॅरासिटामॉलची पातळ औषधे वेगवेगळ्या तीव्रतेची मिळतात. ५ मिलिलिटरमध्ये साध्या सिरपमधून साधारण १२० ते १२५ मिलिग्रॅम औषध जाते, ‘२५०’ लिहिलेल्या सिरपमधून २५० मिलिग्रॅम, आणि तान्ह्या बाळांसाठीच्या थेंबांच्या बाटलीतून (१ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम) तब्बल ५०० मिलिग्रॅम. म्हणजे ‘एक चमचा दे’ हा फोनवरचा सल्ला एका बाटलीसाठी बरोबर, तर दुसऱ्या बाटलीसाठी चौपट ठरू शकतो. म्हणून बाटलीवरचा आकडा वाचा, तो डॉक्टरांना सांगून मात्रा मिलिलिटरमध्ये विचारा आणि बाटलीसोबतच्या मापानेच मोजा. स्वयंपाकघरातला चमचा वापरू नका.

ही औषधे देऊ नका:

- अ‍ॅस्पिरिन: कांजिण्या झालेल्या मुलाला अ‍ॅस्पिरिन दिल्यास ‘राय सिंड्रोम’ हा यकृत आणि मेंदूवर परिणाम करणारा, दुर्मीळ पण जीवघेणा आजार होऊ शकतो.
- आयबुप्रोफेन: कांजिण्यांत हे औषध घेतलेल्या मुलांमध्ये त्वचेचा गंभीर जंतुसंसर्ग जास्त आढळल्याने ते टाळतात. पॅरासिटामॉलसोबत मिसळलेली आयबुप्रोफेनची सिरपही मिळतात, म्हणून बाटलीवरील घटक वाचा. त्याच गटातले मेफेनॅमिक अ‍ॅसिडही डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय देऊ नका.
- निमेसुलाइड: १२ वर्षांखालील मुलांना हे देण्यावर भारतात २०११ पासून बंदी आहे.
- घरात उरलेले अँटिबायोटिक: ते विषाणूवर चालत नाही. फोडांत जंतू झाले असतील, तर कोणते द्यायचे ते डॉक्टर ठरवतील.

एसायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध निरोगी लहान मुलाला सहसा लागत नाही. मात्र मुलाला त्वचेचा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असेल, स्टेरॉइड सुरू असेल किंवा घरातलेच हे दुसरे आजारी मूल असेल, तर डॉक्टर ते देण्याचा विचार करतात. पुरळ उठल्यापासून २४ तासांच्या आत सुरू केले तर त्याचा उपयोग सर्वांत जास्त होतो. म्हणून असे मूल असेल तर पहिल्याच दिवशी दाखवावे.

## खाज कमी कशी करावी?

कांजिण्यांत मुलाला आणि आईबापांना सर्वांत जास्त दमवते ती खाज. मोठ्याला ‘खाजवू नकोस’ म्हणता येते, दीड वर्षाच्या बाळाला ते कसे कळणार? त्यामुळे खाजवले तरी इजा होणार नाही, अशी तयारी करावी लागते.

- नखे अगदी बारीक कापा आणि दिवसातून अनेकदा साबणाने हात धुवा. पूर्ण आजारपणात याहून महत्त्वाचे काम दुसरे नाही. नखातली घाण फोडात गेली की जंतुसंसर्ग होतो आणि व्रणही राहतो.
- झोपताना हातात सुती मोजे घाला.
- सैल, मऊ, जुने सुती कपडे घाला. लोकरीचे किंवा घट्ट कपडे टाळा. घामाने खाज वाढते, म्हणून खोली हवेशीर ठेवा आणि जाड पांघरुणात गुंडाळू नका.
- कॅलामाइन लोशन कापसाने फोडांवर अलगद टिपून लावा. डोळे आणि तोंडाजवळ किंवा फुटलेल्या ओल्या फोडांवर लावू नका.
- खाज कमी करणारे पोटात घ्यायचे औषध डॉक्टरांना विचारूनच द्या. त्यातली काही औषधे लहान बाळांना गुंगी आणतात.
- फोड फोडू नका, खपल्या काढू नका. टाल्कम पावडरही नको.

लंगोटाच्या जागी फोड असतील, तर जमेल तितका वेळ लंगोट न घालता ठेवा. शू करताना जळजळ होऊन मूल रडत असेल, तर त्या वेळी कोमट पाणी ओतत राहिल्यास त्रास कमी होतो.

## अंघोळ घालावी का?

हो, रोज घालावी. कोमट पाण्याने, थोडक्या वेळात, अंग न चोळता. डाळीचे पीठ, उटणे, घासणी नको. टबातल्या पाण्यात ओट्सची अगदी बारीक पूड टाकल्यास खाजेला थोडा आराम पडतो. नंतर मऊ पंचाने अंग टिपून घ्या, पुसू नका. तो पंचा इतर कुणी वापरू नये.

अनेक घरांत कांजिण्या ‘उतरेपर्यंत’ अंघोळ घालत नाहीत आणि ठरावीक दिवशी कडुनिंबाच्या पाण्याने न्हाऊ घालतात. पण इतके दिवस घाम आणि मळ अंगावर राहिला तर खाज वाढते आणि फोडांत जंतू होण्याची शक्यताही वाढते.

## ‘बाया आल्या’: कोणती रीत ठेवावी, कोणती सोडावी?

आपल्याकडे कांजिण्यांना कुठे ‘बाया आल्या’ म्हणतात, कुठे ‘माता आली’. दाराला कडुनिंबाचा डहाळा लावतात, घरात फोडणी देत नाहीत, मुलाला अळणी जेवण देतात, बाहेरच्यांना घरात येऊ देत नाहीत. यातल्या बऱ्याच समजुतींमागे देवीच्या रोगाची भीती आहे. देवी हा वेगळा आणि भयंकर आजार होता. त्याची लागण झालेल्या साधारण दहातल्या तिघांचा जीव जात असे. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये सापडला आणि १९८० मध्ये जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. रोग गेला, पण त्याच्या धाकाने पाळले जाणारे नियम कांजिण्यांना चिकटून राहिले.

यातली बाहेरच्यांना न बोलावण्याची रीत फार उपयोगाची आहे, ती जरूर पाळा. दाराला लावलेल्या कडुनिंबाने काही बिघडत नाही. अंघोळीच्या कोमट पाण्यात चार पाने टाकली तरी हरकत नाही. पण पाला वाटून ओल्या फोडांवर लावू नका आणि त्याचा रस लहान बाळाला पाजू नका. मुलाला पाल्यावर झोपवण्याचीही गरज नाही. धुतलेली मऊ चादर अधिक चांगली.

फोडणीने फोड वाढत नाहीत. अळणी जेवणाने ते लवकर जात नाहीत, उलट आधीच मंदावलेली भूक आणखी जाते. खपल्यांबद्दलही असेच आहे. देवीच्या खपल्यांतून रोग पसरत असे. कांजिण्यांचे फोड सुकून खपली धरली की त्यातून लागण होत नाही. त्यामुळे सगळ्या खपल्या गळून पडेपर्यंत मुलाला वेगळे ठेवण्याची गरज नसते.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नये. ‘देवीचा आजार आहे, डॉक्टरांकडे न्यायचा नसतो’ असे म्हणून थांबू नये. पूजा, नवस ज्याचा त्याचा प्रश्न आहे, पण पुढे दिलेल्या धोक्याच्या खुणा दिसल्या तर वाट पाहणे मुलाच्या जिवावर बेतू शकते.

## खायला-प्यायला काय द्यावे?

कांजिण्यांत कोणतेही वेगळे पथ्य लागत नाही. तोंडात फोड असतील तर मात्र गिळताना दुखते, म्हणून मऊ आणि गार पदार्थ बरे पडतात: दहीभात, मुगाच्या डाळीची पातळ खिचडी, तांदळाची पेज, नाचणीची आंबील, केळे, गार दूध. तिखट, खारट आणि लिंबू, संत्रे, टोमॅटो यांसारखे आंबट पदार्थ काही दिवस टाळा, कारण ते झोंबतात.

दोन-तीन दिवस मूल कमी जेवले तरी चालेल, पण पाणी कमी पडता कामा नये. पाणी, ताक, शहाळ्याचे पाणी थोडे थोडे, वारंवार द्या. अंगावर पिणाऱ्या बाळाचे दूध बंद करू नका. मूल पुरेसे पीत आहे की नाही, हे शू वरून कळते. सात-आठ तास शू झाली नाही, तोंड कोरडे पडले किंवा रडताना डोळ्यांत पाणी येत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा.

## लगेच डॉक्टरांकडे कधी न्यावे?

कांजिण्यांतले बहुतेक गंभीर त्रास दोन प्रकारचे असतात: फोडांतून शिरलेले जंतू, आणि मेंदू किंवा फुप्फुसापर्यंत पोचलेला आजार. दोन्हींची सुरुवात घरच्यांनाच आधी दिसते. पुढीलपैकी काहीही दिसले तर रात्र असली तरी थांबू नका:

- ताप चार दिवसांपेक्षा जास्त राहिला, १०२ अंश फॅरनहाइटच्या वर गेला, किंवा एकदा उतरून पुन्हा चढला.
- एखाद्या फोडाभोवतीची त्वचा लाल, गरम, सुजलेली किंवा फार दुखरी झाली, किंवा त्यातून पू येऊ लागला.
- मूल खूप सुस्त आहे, उठवूनही नीट जागे होत नाही, किंवा विचित्र वागते.
- चालणारे मूल अचानक झोक जाऊन पडू लागले.
- सारख्या उलट्या, मान ताठ होणे, झटका येणे.
- श्वास जोराने चालणे, छाती आत ओढली जाणे, खूप खोकला.
- फोडांत रक्त उतरणे किंवा अंगावर जांभळे डाग येणे.
- डोळ्याच्या आत किंवा अगदी कडेला फोड येणे, डोळा लाल होणे.

यातली ‘ताप उतरून पुन्हा चढला’ ही खूण विशेष लक्षात ठेवा. फोड सुकायला लागले, मूल खेळू लागले आणि मग पुन्हा ताप भरला, तर ते बहुधा जंतुसंसर्गाचे लक्षण असते.

## घरातल्या इतरांचे काय?

पहिले पुरळ दिसले ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. घरातल्या दुसऱ्या मुलाला लागण झाली असेल, तर त्याला साधारण दोन ते तीन आठवड्यांनी पुरळ उठेल. दुसऱ्या मुलाला बऱ्याचदा पहिल्यापेक्षा जास्त त्रास होतो, कारण तो सतत जवळ असल्याने विषाणूचा मारा जास्त होतो. त्याला लस दिलेली नसेल आणि तो एक वर्षाहून मोठा असेल, तर डॉक्टरांना त्याच दिवशी विचारा. संपर्कानंतर तीन ते पाच दिवसांत लस दिली तर आजार टळू शकतो किंवा सौम्य होतो.

खास जपायची माणसे:

- गरोदर बाई: आजारी मुलाची आईच गरोदर असते, असे अनेकदा घडते. तिला लहानपणी कांजिण्या झाल्या असतील किंवा लस घेतलेली असेल, तर सहसा काळजी नसते. तसे नक्की माहीत नसेल, तर पुरळ उठण्याची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे. रक्ततपासणीतून प्रतिकारशक्ती आहे का ते कळते. नसल्यास संपर्कापासून दहा दिवसांच्या आत विशेष प्रतिपिंडांचे इंजेक्शन देता येते.
- नवजात बाळ: बाळंतपणाच्या आधीचे पाच दिवस ते नंतरचे दोन दिवस या काळात आईला कांजिण्या उठल्या, तर बाळाला गंभीर आजार होऊ शकतो. रुग्णालयाला लगेच सांगा.
- प्रतिकारशक्ती कमी असलेली व्यक्ती: कर्करोगाचे उपचार सुरू असलेले, अवयव बदललेले, स्टेरॉइड घेणारे.
- कधीच कांजिण्या न झालेली मोठी माणसे: प्रौढांना हा आजार मुलांपेक्षा जड जातो, न्यूमोनियाही होऊ शकतो. शक्यतो ज्यांना होऊन गेल्या आहेत, त्यांनीच मुलाची सेवा करावी.

आजी-आजोबांच्या बाबतीत एक प्रश्न नेहमी येतो: नातवाच्या कांजिण्यांमुळे आजीला नागीण होईल का? नाही. नागीण त्याच विषाणूमुळे होते, पण लहानपणी शिरलेला विषाणू मज्जातंतूंत निपचित पडून राहतो आणि पुढे वय वाढल्यावर किंवा प्रतिकारशक्ती घटल्यावर जागा होतो. उलटे मात्र होऊ शकते. आजीला नागीण झाली असेल, तर तिच्या फोडांतल्या पाण्यातून बाळाला कांजिण्या होऊ शकतात. म्हणून नागिणीचे फोड झाकून ठेवावेत.

## शाळेत कधी पाठवावे?

नवे फोड येणे थांबले आणि सगळ्या फोडांवर खपली धरली, की मूल अंगणवाडीत किंवा शाळेत जाऊ शकते. पुरळ उठल्यापासून याला साधारण पाच ते सात दिवस लागतात. खपल्या गळायला एक ते तीन आठवडे जातात. त्याजागी राहिलेले काळपट किंवा फिकट डाग काही महिन्यांत पुसट होतात. खोल व्रण राहतात ते मुख्यतः खाजवलेल्या किंवा पिकलेल्या फोडांचे.

## लस

कांजिण्यांची लस जपानचे डॉक्टर मिचिआकी ताकाहाशी यांनी १९७४ मध्ये तयार केली. १९६४ मध्ये ते अमेरिकेत असताना त्यांच्या तीन वर्षांच्या मुलाला कांजिण्यांचा जबर त्रास झाला होता. त्याच्या उशाशी काढलेल्या रात्रींतून त्यांना या कामाची प्रेरणा मिळाली.

भारतातल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना, इंडियन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्स, या लसीचे दोन डोस सुचवते: पहिला १५ महिन्यांचे झाल्यावर, दुसरा १८-१९ महिन्यांना. सरकारच्या मोफत लसीकरणात ही लस नाही, त्यामुळे अनेक पालकांना तिची माहितीच नसते. मोठ्या मुलाचे डोस राहिले असतील तर नंतरही देता येतात. लस घेतलेल्या मुलाला क्वचित कांजिण्या झाल्या, तरी फोड बहुधा पन्नासपेक्षा कमी असतात आणि तापही सौम्य असतो.

## थोडक्यात

नखे कापा, रोज अंघोळ घाला, पुरेसे पाणी द्या, तापाला मोजून पॅरासिटामॉल द्या आणि अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन टाळा. पहिल्या पुरळाची तारीख लिहून ठेवा. घरातल्या गरोदर बाईला पहिल्याच दिवशी सावध करा. आणि उतरलेला ताप पुन्हा चढला, मूल सुस्त झाले किंवा फोड लाल होऊन दुखू लागला, तर तडक दवाखाना गाठा.